तीन मुठी माती

वासिफ काही लबाड पोरगा नव्हता. पण म्हाताऱ्या माणसाला ‘नाही’ म्हणायची वेळ आली, की त्याची दातखीळ बसायची. पुढचं सगळं त्या एका सवयीनं झालं.

कंपनीच्या कामानं तो दोन महिने फ्रान्सला निघाला, तेव्हा अनिसादादीनं लोणच्याची रिकामी बरणी धुऊन त्याच्या हातात दिली. तिच्या सासऱ्यांचे वडील, घरात सगळे त्यांना बडे अब्बा म्हणत, पहिल्या महायुद्धात तिकडंच गेले. अवघे बावीस वर्षांचे. मय्यत हाती लागली नाही. फक्त तिथल्या एका स्मारकाच्या भिंतीवर नाव आहे. सासऱ्यांनी बापासाठी गावी, तलवाड्याच्या कब्रस्तानात चार दगड लावून जागा राखली होती, आणि मरताना सुनेकडून वचन घेतलं होतं. स्मारकाखालची माती आणायची, त्या जागेत ठेवायची, वरून घरच्या पुरुषांनी तीन-तीन मुठी द्यायच्या. म्हणजे माणूस घरी आला.

तिकडं वासिफला सुट्टीचा एकच रविवार मिळाला. सोबतच्या म्हाताऱ्या साहेबानं हौसेनं गाडी काढली आणि वाटेतली चर्चं, जुन्या तोफा, शिपायांच्या क्रुसांच्या रांगा दाखवत नेलं. दिवस कलला तेव्हा दोघं एका पडक्या ख्रिस्ती मठात होते. स्मारक अजून तासाभरावर होतं. स्मारकाकडची माती खडूसारखी पांढरी आहे, साहेब सांगत होता, आणि सांगता सांगता घड्याळ बघत होता. वासिफनं मठाच्या भिंतीखालची तांबूस माती बरणीत भरली. माती ती माती, असं त्यानं मनाला समजावलं. दादीला फोनवर मात्र सांगितलं, की नावावरून बोट फिरवलं.

तो परतल्यावर तलवाड्यात तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर माती दिली. दादी रीतीप्रमाणे फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिली. आत वासिफ, अब्बा कय्युम आणि अशफाकचाचा. शेवटची मूठ पडली आणि वासिफला वितळलेल्या मेणाचा वास आला. मे महिन्याच्या त्या उन्हात मेणबत्ती कोण लावणार? तिघं बाहेर आले, तेव्हा दादीनं त्यांच्या मागं पाहिलं आणि पदर सारखा केला, परका पुरुष दिसल्यावर करतात तसा.

त्या दिवसापासून दिवस मावळता, मगरिबच्या सुमारास ती ओट्याच्या कडेला पाण्याचा पेला ठेवू लागली. आठव्या दिवशी तिनं वासिफला जवळ बसवलं.

“रोज येतो... खालीच उभा राहतो. मी म्हनलं, बडे अब्बा, पानी घ्या. त्याला आपली बोली समजंना. लांब झगा हाय, कमरंला दोरी. लई रडतोय...” तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. “वासिफ, तू कुनाला आनलंस?”

वासिफला रडू फुटलं. त्यानं सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो खुरपं घेऊन कब्रस्तानात गेला. तांबूस माती काळ्या रानात लगेच ओळखू येईल, असा त्याचा हिशेब. पण हातभर उकरलं तरी सगळी काळीभोर. मागून आलेल्या कय्युमनं खुरपं काढून घेतलं. मूठ दिलेली माती उकरत नाहीत, एवढंच म्हणाला.

दादी रागावली नाही, आणि तेच वासिफला सोसेना. संध्याकाळी तो मान खाली घालून ओट्यावर आला, तर कडेला आज दोन पेले होते.

“काल तू उठून गेल्यावर दुसरा बी आलता,” दादी म्हणाली. “तुझ्याएवढं पोरगं. एकाच पायात बूट. मला बहू म्हनलं... म्हनलं, पायी पायी आलो, बहू. माझ्या जागंवर कोन निजलंय?”

“मग तुमी काय सांगितलं, दादी?”

“त्यांच्याशी मी खोटं बोलू? म्हनलं, तुमची जागा वासिफनं दुसऱ्याला दिली.”

“मग?”

“मग इचारलं...” दादी पेल्याकडं बघत राहिली. “वासिफ कुठं निजतो.”

मशिदीत अजान सुरू झाली. वासिफ उठला, आपल्या खोलीत गेला आणि दिवा लावला. दुपारी आईनं ताणून घातलेली चादर मधोमध दबली होती, उशीला खळगा पडला होता. पायथ्याशी एकाच बुटाचा ठसा होता. माती अजून ओली होती, आणि खडूसारखी पांढरी.