चार्ज होतोय, पण बोलत नाही

"चार्ज होतोय, पण बोलत नाही," तो म्हणाला.

ठिणगीने मान वर न करताच विचारलं, "कोण?"

"फोन. गाडीशी. केबल लावली की बॅटरी भरते, पण स्टिरिओवर काही म्हणजे काही येत नाही. नकाशा नाही, गाणी नाहीत, कॉल नाही. नुसता घुम्यासारखा बसून राहतो."

आता मात्र तिने वर बघितलं. शेडच्या दारात एक उंच मुलगा उभा होता आणि त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. या वयात? तिला वाईटच वाटलं. मग त्याने बाहीने कपाळ पुसलं आणि भुवया काळ्या झाल्या. पीठ होतं ते. त्याच्या मागे एक बुटकी व्हॅन होती, आणि तिच्यातून येणारा गरम ब्रेडचा वास शेडमधल्या ग्रीसच्या वासाला कोपराने ढकलत आत शिरत होता.

खरं तर ही गाडी आत्याने बघायची, गॅरेज तिचंच. पण आत्या एका जीपखाली आडवी होती. नुसते बूट बाहेर. बुटांनीच हुकूम सोडला, "ठिणगे, तू बघ!"

हे नाव आत्यानेच पाडलेलं. शेडमधल्या पहिल्याच दिवशी भाचीने दोन वायरी एकमेकींना टेकवल्या होत्या आणि सगळीकडे अंधार केला होता. त्यानंतर कितीतरी दिवस तिने पुढच्या काउंटरवर सीट कव्हरं विकली. आत्ता कुठे तिला मागचं टेबल मिळालं होतं. स्वतःचा दिवा, स्वतःचा ड्रॉवर, स्वतःची हत्यारं... आणि आत्याची एक अट. तीच तक्रार घेऊन परत आलेल्या गाडीला आत्या 'माहेरवाशीण' म्हणायची. "एकच गाडी एकाच दुखण्यासाठी तिसऱ्यांदा दारात आली, की मी समजेन तुझा हात अजून बसलेला नाही. मग आपलं पुन्हा सीट कव्हर."

ठिणगीला सीट कव्हरांची स्वप्नं पडायची. वाईट स्वप्नं.

*

ती ड्रायव्हरच्या सीटवर, तो शेजारी. मध्ये केबल.

"केबल कुठली?"

"घरातली."

"घरातल्या केबलीचं काय सांगता येत नाही. काही केबली नुसत्या खायला घालतात, निरोप पोचवत नाहीत."

"आमच्या काकू अगदी उलट आहेत. खायला घालत नाहीत, निरोप मात्र गावभर."

ती हसली नाही. म्हणजे, हसली, पण डॅशबोर्डकडे तोंड करून.

ड्रॉवरमधली चांगली केबल आणून लावली.

स्क्रीनवर: उपकरण सापडले नाही.

खालची खाच नुसती चार्जिंगची असते म्हणून वरची बघितली. फोन बंद करून चालू केला. स्टिरिओच्या डोक्यात जुन्या मालकाचे, त्याच्या बायकोचे, मेव्हण्याचे फोन अजून घर करून होते. त्यांना एकेक करून बाहेर काढलं.

उपकरण सापडले नाही.

"आहे की इथेच," तो स्क्रीनला म्हणाला. "असं काय करतेस?"

फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन गाडीला कुठे मनाई केलीय का ते पाहिलं. मनाई नव्हती. मग तिने केबल पुन्हा एकदा काढून घातली, या वेळी डोळे मिटून. आणि थांबली.

"काय झालं?"

"शू... ऐका." तिने परत घातली. "काही ऐकू आलं?"

"नाही."

"तेच. खट् व्हायला हवं. ही आत नीट बसतच नाहीये. कडेकडेने टेकते, म्हणून चार्ज होतो. पण बोलायला पूर्ण आत जावं लागतं."

तिने टॉर्च दातात धरला, फोन उलटा केला आणि लाकडी टूथपिक त्या बारीकशा खाचेत घातली. "पिन देऊ?" त्याने विचारलं. टॉर्च दातात असल्यामुळे तिला नुसते डोळे वटारता आले. पिनेने आतल्या पट्ट्या ओरखडतात, हे सगळं त्या डोळ्यांत होतं. त्याला काय दिसलं कोण जाणे... त्याने पिन परत खिशात टाकली.

आतून दाबून दाबून घट्ट झालेली पिठाची इवलीशी वडी बाहेर पडली.

"अरेच्चा," तो म्हणाला. "ही आमची."

खट्.

स्क्रीनवर: या फोनला परवानगी द्यायची?

"दाबा," ती म्हणाली.

"तुम्ही शोधलंत, तुम्ही दाबा."

"फोन तुमचा आहे."

"गाडी तुमच्याकडे आहे..."

दोघांनी एकदमच दाबलं. स्क्रीनला काय, कोणाचंही बोट चालतं. बोटांना मात्र कळलं.

*

तो दुसऱ्यांदा आला तेव्हा पाऊस भुरभुरत होता आणि शेडचं पत्र्याचं छप्पर आपल्याशीच पुटपुटत होतं.

"परत घुमा झाला," त्याने फोन पुढे केला.

"माहेरवाशीण आली गं!" आत्याने जीपखालून ओवाळल्यासारखं म्हटलं. ठिणगीला डोळ्यांसमोर सीट कव्हरं दिसली. आणि तरी तिने केस कानामागे सारले.

पीठच होतं. भट्टीच्या वरच्या फळीवर फोन ठेवतो म्हणाला. तिथे पीठ उडतं. तिने साफ केलं, आणि ड्रॉवरमधून रबराचं एक चिमुकलं बूच काढून खाचेत बसवलं. "हे काढायचं नाही. केबल लावतानाच काढायचं, मग परत लावायचं. समजलं?"

"समजलं. पण मग पीठ जाणार नाही आत."

"त्यासाठीच लावलंय!"

"हो... बरोबर आहे..." तो बूच बघत राहिला. एखाद्याने तोंडावर दारच लावून घ्यावं तसा.

"सांभाळा हं," ती म्हणाली.

ती न म्हणालेली वाक्यं: तुम्ही अजून एकदा आलात तर माझं टेबल जाईल / या शेडची एक अट आहे / तुमच्या भुवयांना अजून पीठ आहे, डावीकडे / येऊ नका / काहीही करून येऊ नका / येणार ना?

अट सांगायची म्हणजे 'येऊ नका' असंच सांगायचं. आणि ते काही तिच्या तोंडून निघेना. व्हॅन वळली, ब्रेडचा वास जरा वेळ मागे रेंगाळला, मग तोही गेला.

*

तिसऱ्यांदा.

आत्या या वेळी जीपखाली नव्हती. चहाचा कप घेऊन समोरच उभी होती. तिने नुसतं पुढच्या काउंटरकडे बघितलं, मग ठिणगीकडे.

ठिणगीने फोन घेतला. बूच जागच्या जागी होतं, घट्ट, अगदी तिने बसवलं होतं तसं. तिला हायसं वाटलं. म्हणजे पीठ नव्हे, काहीतरी वेगळं दुखणं असणार. वेगळं दुखणं म्हणजे माहेरवाशीण नव्हे. तिने बूच काढलं आणि टॉर्च मारला.

आत पांढरं.

बूच घट्ट. आणि बुचाच्या आत पांढरं. शिवाय टूथपिक लावली तर ती चिकटली. पीठ असं चिकटत नाही. तिने टोकावरचा कण जिभेला लावला.

गोड.

ती व्हॅनपाशी गेली. तो दाराला टेकून, अगदी निरागस चेहऱ्याने उभा होता. इतका निरागस चेहरा करायला कष्ट पडतात.

"पिठीसाखर," ती म्हणाली.

"अं?"

"आपणहून चालत आली? बूच उघडून, आत बसून, मागून बूच लावून घेतलं?"

तो लाल झाला. आधी कान, मग बाकीचा. "ते... पीठ सारखं सारखं गेलं तर खोटं वाटलं असतं म्हणून..."

"मुद्दाम घातलीस?"

"मला दुसरं कारण सुचेना."

"कसलं कारण?"

"इथे यायचं."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे वाक्य तिने घरी नेऊन उशीखाली ठेवलं असतं. आज तिचा आवाज चढला. "तुला गंमत वाटते! ही गाडी तिसऱ्यांदा दारात आली म्हणून माझं टेबल जातंय. ते टेबल मिळवायला मी किती... मी उद्यापासून तिकडे पुढे बसून सीट कव्हरं विकायची. तुझ्या साखरेपायी!"

तिच्या तोंडी 'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही.

त्याचा चेहरा उतरला. खरोखरचा. "तुम्ही सांगितलं नाहीत."

"सांगितलं असतं तर?"

"तर आलोच नसतो."

आणि गंमत बघा, त्या सगळ्या भांडणात तिला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच वाक्य.

तो सरळ आत चालत गेला.

"आत्या—"

"मी तुझी आत्या कधी झाले?"

"अजून नाही झालात," तो बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते कळून घाईघाईने पुढे म्हणाला, "चूक तिची नाही. तिने दोन्ही वेळा नीट केलं होतं. या वेळची साखर मी घातली."

"तिला वाचवायला सांगतोयस."

"खाऊन बघा."

आत्याने फोन घेतला. उलटा केला. करंगळीच्या नखाने कण काढून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. शेडमधली सगळी हत्यारं जणू कान देऊन होती.

"व्हॅनिला," आत्या म्हणाली.

"केकवर भुरभुरायची आहे."

"चांगली आहे." आत्याने चहाचा घोट घेतला. "पण गाढवा, गाडी आहे तुझ्याकडे. वायपर झिजलेत म्हणायचं. हॉर्न बसलाय म्हणायचं. आरसा हलतोय म्हणायचं. गाडीत शंभर कारणं असतात आणि तुला साखर सुचली?"

"हाताशी तेवढीच होती..."

"ठिणगे! ही माहेरवाशीण धरायची नाही. टेबल तुझं." मग त्याच्याकडे वळून, "आणि तू. फोन, केबल, स्टिरिओ... यातल्या कशाचंही नाव घेऊन इथे पाय ठेवायचा नाही. माझ्या पोरीच्या कामाशी खेळ नको."

"नाही ठेवणार," तो म्हणाला. असं म्हणाला की आत्यालाही जरा वाईट वाटलं असावं, कारण ती उगाचच जीपखाली शिरली.

साखर निघायला वेळ लागला. ओल धरून ती आत घट्ट झाली होती. ठिणगी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवून, एकेक कण सुटा करत बसली. तो समोरच्या स्टुलावर.

"रागावलात?"

"हो."

"खूप?"

"अजून बघितलं नाही किती आहे ते."

खट्. नकाशावरची बाई स्वच्छ आवाजात म्हणाली, सरळ जा. आणि तो सरळ गेला.

*

मग काही नाही.

म्हणजे कामं होती. हेडलाइट, अलार्म, एक रडका स्पीकर. टेबल तिचं, दिवा तिचा, आणि हात असा बसलेला की एकही गाडी परत येईना.

बुटकी व्हॅन मात्र रोज शेडसमोरून जायची. हळू. थांबायची नाही. एकदा गेली की थोड्या वेळाने उलट्या बाजूने यायची.

"शब्दाचा पक्का आहे," आत्या जीपखालून म्हणाली. "पाय ठेवत नाही. टायर झिजवतोय नुसते."

"मला काय त्याचं," ठिणगी म्हणाली, आणि भलतीच वायर कापली.

*

त्या संध्याकाळी ठिणगी त्याच्या बेकरीत गेली, कारण घरातला ब्रेड संपला होता.

नाही. घरात ब्रेड होता.

आत्याला टोस्ट हवे होते, म्हणून गेली.

आत्याला टोस्ट आवडत नाहीत.

बेकरी वाटेवरच होती.

वाटेवर नव्हती. चांगलं वळण घेऊन जावं लागलं.

ती गेली.

आत रांग होती. भट्टीची ऊब, काचेमागे ओळीने बसलेले बन, आणि काउंटरपलीकडे तो, दोन्ही कोपरांपर्यंत पांढरा. ठिणगी रांगेत उभी राहिली. पुढच्या गृहस्थांनी बिस्किटांबद्दल इतक्या शंका विचारल्या की तिचं दोनदा परत फिरायचं ठरवून झालं. मग ते बाजूला झाले.

त्याच्या हातातला चिमटा ट्रेमध्ये पडला.

"तुम्ही...?"

"हो."

"काय देऊ?"

"काही नको."

"मग... फोनला काही...?"

"ठणठणीत आहे."

"गाडी?"

"माझ्याकडे गाडी नाही."

"मग काय बिघडलंय?"

"काहीच बिघडलेलं नाही," ठिणगी म्हणाली. "काही बिघडलेलं नसताना आलेय. तुला बघायला. तू आवडतोस मला. कारण वगैरे काही आणलेलं नाही."

मागची रांग एक पाऊल पुढे सरकली. बिस्किटवाले गृहस्थ दारातून परत आत आले.

त्याने पिठाचे हात एप्रनला पुसले. मग त्याने एकदम काउंटरचं ये-जा करायचं फळकूट उचलायचा प्रयत्न केला. त्यावर केकचे खोके होते, फळकूट उचलेना. दुसऱ्या बाजूने वळसा घालायचा तर मध्ये ट्रेची उतरंड. शेवटी तो खाली वाकला आणि काउंटरच्या खालूनच यायला निघाला. धाडकन आवाज झाला. डोकं आपटलं असणार.

"लागलं का रे?" ठिणगी वाकली.

"हो," खालून आवाज आला. मग लगेच, "नाही, लागलं नाही. हो म्हणजे... मलाही. तू. पहिल्या दिवसापासून. तू दातात टॉर्च धरलास ना, तेव्हापासून."

"अहो, हो-नाही नंतर करा," रांगेतल्या एक काकू म्हणाल्या, "माझे दोन ब्रेड द्या आधी."

तो काउंटरच्या अलीकडे होता, गुडघ्यांवर, केसांत ब्रेडचा चुरा, टेंगूळ चोळत. परत जायचा रस्ता तोच, खालून. त्याने काकूंकडे बघितलं. ठिणगीकडे बघितलं. उठून उभा राहिला, आणि जागचा हलला नाही.

"काकू," ठिणगी काचेमागे हात घालत म्हणाली, "कापलेला देऊ की अख्खा?"