धुरपताबाईचं हसू

"घ्या विहीणबाई, नातीले मांडीवर घ्या! का पोरगी झाली म्हणून तोंड पाडलं?"

बारशाला जमलेल्या बाया खळखळून हसल्या. बाळंतिणीच्या सासूनं, कोकिळाबाईंनी, थट्टाच केली होती. पण धुरपताबाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही, तेव्हा ती थट्टा तशीच अधांतरी राहिली... पाळण्यातल्या त्या तांबूस, मिटल्या मुठींच्या जिवाकडे पाहताना धुरपताबाईचं अंतःकरण उचंबळून आलं होतं. हस, हस ना गं, असं ती आपल्याच तोंडाला विनवत होती; आणि ते तोंड एखाद्या परक्या बाईचं असावं तसं घट्ट बसून होतं!

लेकीनं, सुलोचनेनं, आईचा दंड हलवला. "आई, एकडाव तरी हास! चारचौघांत काऊन असं करून राह्यली?"

धुरपताबाई काहीतरी बोलली. पण आवाज इतका बारीक निघाला, की जवळच्या बाईलाही ऐकू गेला नाही.

"दगड आहे तू!" लेक म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सासूबरोबर रोहण्याला निघून गेली. घाईत तिची पेटी माहेरीच राहिली.

अल्लीपूरच्या त्या घरात विधवा धुरपताबाई एकटीच उरली. आपल्याला काय झालंय ते तिला ठाऊक होतं. चैत्रात कुणाला न सांगता ती वर्ध्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिला चालायला लावलं. चालताना डावा हात अंगाशी तसाच राहतो, पाऊल उचलत नाही, घासत जातं, हे पाहिलं. मनगट वाकवून पाहिलं. "कंपवात आहे, बाई. मज्जातंतूंचा आजार. चेहरा आखडतो, आवाज बसतो... मन मात्र आखडत नाही. घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल तुम्ही रागावलात."

तिनं सांगितलं नाही. गल्लीतल्या आनंदाबाईनं सुनेच्या बापाला मिरगी येते असं कळताच सुनेला माहेरी धाडलं होतं. रक्तातच आहे म्हणून! उद्या कोकिळाबाई तसंच म्हणाल्या तर? सुलोचनेचं काय, त्या तान्हीचं काय? त्यापेक्षा आपल्याला लोकांनी निष्ठुर म्हटलेलं बरं...

पोळा गेला, दसरा गेला. लेक आली नाही. सांजेला ओट्यावर बसलेल्या धुरपताबाईला येणारेजाणारे म्हणत, "माय, देवासाठी लय वाती वळून राह्यली!" ती मान हलवी.

कार्तिकात दारासमोर बंडी थांबली. पोरीला कडेवर घेऊन सुलोचना उतरली.

"पेटी न्याले आलो," ती दुसरीकडे पाहत म्हणाली. "वाती मागून वळजो. पेटी कुठं ठेवली, ते सांग."

धुरपताबाईचा अंगठा बोटावर फिरतच राहिला. सुलोचनेनं चिडून वाकून पाहिलं... हातात कापूस नव्हता!

काय वाटलं कोण जाणे, तिनं पोर आईच्या हातांत दिली. बोटं थांबली. पोर परत घेतली. बोटं पुन्हा फिरू लागली. आणि मग तिला दिसलं, पापणीही न लवणाऱ्या त्या निश्चल चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं.

"आई! हे कधीपासून गं?"

तिनं आईच्या ओठांशी कान नेला. त्या बारीक आवाजातून एकेक गोष्ट कळत गेली, तशी ती खालीच बसली आणि आईच्या मांडीवर डोकं टेकून हुंदके देऊ लागली.

"मी तुले दगड म्हटलं, अन् तू ऐकून घेतलं!"

"तुया सासूले कळलं असतं तर..."

"आता मीच सांगीन त्याईले."

"नको गं! या पोरीचं लग्न..."

"पोर अजून रांगत नाई, अन् तू तिले बोहल्यावर चढवून राह्यली!"

धुरपताबाईचं पोट गदगदू लागलं. सुलोचनेनं घाबरून वर पाहिलं. चेहरा तसाच होता, कोरा, थिजलेला... पण पोट थांबत नव्हतं. आई हसत होती!

इतके दिवस ती अशी किती वेळा हसली असेल... एकटीच, कुणाला न दिसता!