पडद्याचं माप

ए मिट्को, बॅटरी विझव. आणि खिदळू नका रे. लिफ्टमध्ये कोंबडी सोडली ती मीच, कबूल. पण हे मी रचलेलं नाही. माझ्या मामाच्या दोस्ताचं आहे, टायरच्या दुकानातल्या ल्युबेनदादाचं. जाऊन विचारा त्याला. सांगणार नाही तो, पण विचारा.

गेल्या नोव्हेंबरातला शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार, म्हणून घरोघरी कबरीवर न्यायचे गहू शिजत होते. ल्युबेनदादा निघाला फ्लॅट बघायला. इथंच, कोस्तिनब्रोदमध्ये, आपल्या मागची ती नवी पिवळी बिल्डिंग. नेवेनावहिनीला आठवा महिना, आणि दोघं सासूच्या घरी एका सोफ्यावर झोपायचे. बाळ यायच्या आत घर पाहिजेच होतं.

तळमजला. कोरा करकरीत. अजून कुणी राहिलेलंच नाही. आणि भाडं निम्मं.

"कुंचोकाका, गळतं कुठं?" दादानं घरमालकाला विचारलं.

"कुठंच नाही."

"मग वर कोण ढोल वाजवतो?"

"अरे, वर अजून कुणी नाहीच."

"मग स्वस्त का?"

"तुझ्याकडं बाळ येणार ना? मलाही काळीज आहे, लेका."

घरमालकाला काळीज! तिथंच दादाला संशय आला. त्यानं नळ सोडून बघितले, मोरीत नाक घातलं, भिंती ठोकल्या. सगळं ठणठणीत. फक्त स्वयंपाकघरात, अगदी खाली, एका विटेची जागा रिकामी होती. गवंडी सिमेंट कालवून नुसता बसला होता. कशाची तरी वाट बघत.

"खिडकीकडं पाठ करून उभा राहा," काका म्हणाला. "पडद्याचं माप घेतो."

ऊन कललं होतं. काकानं खिशातून लाल दोरा काढला. पण खिडकीला लावलाच नाही. खाली बसला. दादाच्या टाचेपासून सावलीच्या डोक्यापर्यंत दोरा ताणला, फरशीवरून, लांबच लांब.

"काका, पडदा काय जमिनीला लावणार?"

काका हसला नाही. दोरा तोडला, दोन्ही टोकांना गाठी मारल्या, गवंड्याकडं दिला. गवंड्यानं तो भोकात ठेवला. वर वीट. वर गिलावा.

"उंदीर येत नाहीत यानं," काका म्हणाला आणि किल्ली दिली.

रात्री सूप पिताना दादानं हे हसत हसत सांगितलं. सासूच्या हातातला चमचा पडला.

"गाढवा, तुझी सावली चिणली त्यांनी! नव्या घराला राखणदार लागतो... ज्याची सावली भिंतीत, तो वर्ष काढत नाही."

"आई, काहीतरीच तुझं!" वहिनी म्हणाली. म्हणाली, आणि रडायलाच लागली.

दादा हातोडा घेऊन निघाला.

साडेअकरा वाजलेले. बिल्डिंगमध्ये चिटपाखरू नाही. गिलावा ओलाच होता. वीट निघाली. दोरा होता. गाठी तशाच.

त्यानं तो फरशीवर ताणला.

...

हातभर. नुसता एवढा. कोपरापासून बोटांपर्यंत.

कुणी तोडला नव्हता. पण एवढी सावली दादाची नव्हती. एवढी तर...

फोन वाजला. सासू होती.

"ये लवकर. नेवेनाला कळा..."

पहाटे मुलगा झाला. महिनाभर आधी, पण धडधाकट. दादानं फ्लॅटची किल्ली काकाच्या दारात फेकली. दोरा सासूनं पाळण्यातल्या गादीखाली ठेवलाय. जाळायची हिंमत कुणाची आहे?

फ्लॅट अजून रिकामा आहे. त्या विटेजवळ भिंतीवर ओलीचा डाग येतो. काका रंग मारतो, डाग परत येतो. उन्हाळ्यात मी खिडकीतून बघितला. जमिनीलगत, आडवा. रांगल्यासारखा.

पोराला येत्या पितरांच्या शनिवारी वर्ष होईल. परवा रविवारी तो पहिल्यांदा उभा राहिला, सोफ्याला धरून. मामानं त्या आनंदात राकिया ढोसली.

सोमवारी मी परत खिडकीला नाक लावलं.

डाग उभा होता. एक हात वर... कशाला तरी धरल्यासारखा.