नेहमीचा जोडीदार

माझ्या जिममध्ये आरसे नाहीत. जागा घेतली तेव्हा भिंतभर होते. पहिल्याच आठवड्यात मी ते उतरवले. आरसा असला की माणूस आपलेच दंड बघत बसतो आणि शेजारच्याची कंबर वाकडी होतेय याचा त्याला पत्ताही नसतो. आरशांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरलेत. ते रंगवायचं मी चार वर्षं मनावर घेतोय.

दाराजवळच्या लाकडी फळीवर सहा खिळे आहेत, कारण एका तुकडीत मी सहापेक्षा जास्त माणसं घेत नाही. प्रत्येक खिळ्याला एकेकाचं कार्ड. त्या माणसाला काय साधायचंय ते कार्डाच्या वरच्या ओळीत मी माझ्या हाताने लिहितो. सकाळी सातच्या तुकडीत बस ड्रायव्हर आहेत, त्यांचं 'पाठ न दुखता दिवसभर बसणे'. दातांच्या डॉक्टर आहेत, त्यांचं नुसतंच 'मान'. बेकरीवाल्या बाईंना पिठाचं पोतं एकटीने हलवायचंय. मास्तर, म्हणजे निवृत्त शिंपी, त्यांना नातीला खांद्यावर बसवायचंय. आणि पाचवं कार्ड माझ्या आईचं: 'जमिनीवरून आधाराशिवाय उठणे'.

सहावा खिळा रिकामा. पण हीच तुकडी माझी लाडकी. मास्तर सगळ्यांच्या बाह्यांचं माप नजरेने घेतात, डॉक्टर कुणी हसलं की त्याचे दात मोजतात, आणि माझी आई सगळ्यांना वेळेवरून बोलते.

इथे एक नियम आहे. कुणी एकट्याने व्यायाम करायचा नाही. मी दोनदा टाळी वाजवली की सगळ्यांनी जोड्या लावायच्या. एकाने करायचं, दुसऱ्याने मोठ्याने दहा मोजायचे. मग अदलाबदल. ज्याने मोजून घेतलं त्याने मोजून द्यायचं, पाहुणा आला म्हणून, फोन वाजला म्हणून सुटका नाही. स्वतःचे आकडे माणूस गाळतो, दुसऱ्याचे गाळत नाही, असा माझा अनुभव आहे.

आईचं कार्ड साधं दिसतं, पण त्याच्यावर तिचं घर टांगलेलं होतं. गेल्या वर्षी ती स्वयंपाकघरात पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. साडेतीन तास ती फरशीवर पडून होती. मी दुपारी सहज डोकावलो म्हणून कळलं. धाकट्या बहिणीने तेव्हाच सांगून टाकलं, "दादा, दोन महिने देते. आई आपली आपण उठायला लागली तर ठीक, नाहीतर मी तिला माझ्याकडे नेणार." बहीण दुसऱ्या गावात राहते, प्रेमळ आहे, आणि एकदा बोलली की मागे हटत नाही. आईही तिचीच आई. "मी माझ्या घरातून भाजी आणायलाच बाहेर पडेन," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता बूट घालून जिमच्या दारात उभी राहिली.

दीड महिन्यानंतर बहीण एकदा बघायला आली. बाकावर बसून तिने अख्खा तास पाहिला. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची नजर हिशेबी.

"छान चाललंय की," जाताना ती म्हणाली. "पण दादा, माणसं पाच ना? मग जोड्या तीन कशा?"

मी हसलो. म्हटलं, तिसरीत मीच असेन.

"तू पूर्ण वेळ माझ्याशेजारी उभा होतास."

ती गेल्यावर मी कार्डं काढून बसलो. प्रत्येकाने तासानंतर आपल्या कार्डावर जोडीदार कोण ते लिहायचं असतं. मी कधी वाचत नाही. वजनं तेवढी बघतो. ड्रायव्हरनी मास्तरांचं लिहिलं होतं, मास्तरांनी ड्रायव्हरचं. बेकरीवाल्या बाईंनी डॉक्टरांचं, डॉक्टरांनी बाईंचं. आईच्या कार्डावर तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'नेहमीचा'. वरच्या ओळीतही तेच. त्याच्या वरही. एका आठवड्यात आईला सर्दी होती, ती आली नव्हती. चार माणसं, दोन जोड्या, सगळं सुरळीत. त्याच्या आधी एकदा, आई डॉक्टरांबरोबर असताना, 'नेहमीचा' हा शब्द बेकरीवाल्या बाईंच्या कार्डावर होता.

दुसऱ्या दिवशी मी आईला घरी सोडायला चालत गेलो. दोनच गल्ल्यांचं अंतर.

"आई, नेहमीचा म्हणजे कोण?"

"अरे, तो. तूच नाही का लावलास माझ्याबरोबर? हळू मोजतो बिचारा. तुझ्यासारखी घाई नाही त्याला."

"दिसतो कसा?"

"मला काय ठाऊक? मी फरशीकडे बघत असते. जमिनीवरून उठताना कोण कुणाचं तोंड बघतं?" आणि तिने विषय बदलून मला कोथिंबीर घ्यायला पाठवलं.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. वजन किती आणि किती वेळा, यावर माझं घर चालतं. म्हणून मी सरळ उपाय केला. पुढच्या सकाळी टाळी वाजवून मी स्वतः आईच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आता सहा माणसं, तीन जोड्या, भानगड मिटली.

"तू कशाला?" आई म्हणाली.

"आज मी मोजतो."

ती चटईवर बसली, एक गुडघा पुढे घेतला, तळवा टेकला. मी एक म्हटलं, दोन म्हटलं. ती उठलीच नाही. सारखी बाजूला बघत होती, दारात कुणाला ताटकळत ठेवल्यासारखी. आदल्या दिवशी ती जवळजवळ उभी राहिली होती. आज पहिल्या दिवसासारखी घाबरली. "आज नको रे," ती म्हणाली, आणि मी तिला काखेत धरून उठवलं. माझा शहाणपणा तिला नडला होता. मुदतीचे तेरा दिवस उरले होते.

मी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी टाळी वाजवून मी भिंतीकडे तोंड करून वजनं पुसत बसलो. मागे तीन आवाज मोजत होते. दोन ओळखीचे. तिसऱ्याकडे मी लक्ष दिलं नाही.

त्या तेरातल्या अकराव्या दिवशी आई उठली. मी तेव्हाही पाठमोराच होतो. टाळ्या ऐकून वळलो तर ती चटईच्या मधोमध सरळ उभी होती, दोन्ही हात कमरेवर. मास्तर डोळे पुसत होते. मी उघडउघड रडलो. इतकं सुख मला जिम उघडली त्या दिवशीही झालं नव्हतं.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "तुमच्या सगळ्यांमध्ये उठली. घरात एकटी असताना उठेल तेव्हा मानेन."

तिचंही खरंच होतं.

पुढच्या बुधवारी, भर दुपारी, आईने फोन उचलला नाही. दोनदा केला. माझ्याकडे किल्ली होती. त्या दोन गल्ल्या मी कशा ओलांडल्या ते आठवत नाही.

स्वयंपाकघरात स्टूल आडवं पडलं होतं. वरच्या फळीवरचा साखरेचा डबा खाली येऊन फुटला होता, फरशीभर साखर. आई खुर्चीवर बसली होती. तिच्या कोपराला साखर चिकटली होती. ती खाली बघत होती.

"पाच," ती म्हणाली.

"आई, लागलं का?"

तिने हात वर केला. "थांब. मोजू दे."

"पडलीस ना तू?"

"पडले. उठले पण. त्याने सातपर्यंत मोजलं आणि मी उभी." तिचा चेहरा उजळला होता. "मग मोजून द्यायला नको? नियम तुझाच आहे. सहा."

ओट्यापाशी साखर करकरली. तिथे कुणीच नव्हतं.

"सात."

पुन्हा करकरली, जरा जोरात, तळव्यावर भार घेतल्यावर चटई दबते तशी.

"आठ. नऊ. माझा घसा सुकलाय. शेवटचं तू म्हण."

मी आईकडे पाहिलं. ती सुखरूप होती, हसत होती, स्वतःच्या घरात होती.

"दहा," मी म्हटलं.

माझ्या गुडघ्याजवळ कुणीतरी श्वास सोडला. मग कमरेपाशी. मग तो श्वास माझ्या कानाच्या उंचीवर येऊन थांबला.

"उठला बघ," आई म्हणाली. "आधाराशिवाय."

बहिणीने शब्द पाळला. आई स्वतःच्याच घरी आहे, मजेत आहे, आणि अजूनही सगळ्यांना वेळेवरून बोलते. सहाव्या खिळ्याला मी एक कार्ड लावलंय. वरची ओळ कोरी आहे. उभं राहणं त्याला जमलं. आता पुढे काय साधायचंय, ते मी अजून विचारलेलं नाही.