दबा, सात सेकंद

दबा. २ सेकंद.

पद्मजा चौगुलेचे हात ज्वारीच्या पिठात होते. ओट्यावरचा फोन थरथरला तशी तिने अर्धी थापलेली भाकरी परातीत सोडली आणि जिना गाठला.

४ सेकंद.

सांगलीच्या त्या गल्लीत सकाळी कुकरच्या शिट्ट्यांइतकेच हे फोन थरथरायचे. मोकळ्या फिरणाऱ्या प्रत्येक पाळीव मांजराच्या गळ्यात आता सूचक पट्टा बंधनकारक होता. मानेचा कोन, खांद्यांचा ताण आणि रोखलेला श्वास एवढ्यावरून पट्ट्याला कळायचं की मांजर दबा धरून बसलं आहे. मालकाला साधारण सात सेकंद मिळायची. सातव्याला झेप.

६ सेकंद.

तिने गच्चीच्या दारातच टाळी वाजवली. दाण्यांच्या परातीवरून बुलबुल भर्रकन उडाला. जास्वंदीच्या कुंडीआडून बुंदी उठली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात पंजा चाटू लागली.

*

संमतिपत्र. रकाना १, प्राण्याचे नाव: बुंदी.
रकाना २, पट्ट्याने नोंदलेल्या शिकारी: दोन.
रकाना ३, शमनकण बसवण्यास संमती आहे / नाही. (नाही असल्यास, तिसऱ्या शिकारीनंतर हा प्राणी महापालिकेच्या प्राणिकेंद्राच्या ताब्यात देण्यास मी बांधील राहीन.)

मुदत पंधरा दिवसांची होती. घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांच्या सह्या हव्या होत्या. म्हणजे दोनच. पद्मजा आणि तिचे सासरे, आप्पा.

बुंदीला पद्मजाच्या नवऱ्याने, भरतेशने आणलं होतं, पावसात भिजलेलं पिल्लू, हेल्मेटात बसवून. त्यानंतर चार महिन्यांनी भरतेश गेला. हेल्मेट अजून खुंटीला होतं आणि त्यात आता मावत नसली तरी बुंदी अधूनमधून त्याखाली जाऊन बसायची. आप्पा मुलाबद्दल कोणाशी बोलत नसत. बुंदीबद्दल मात्र देवळात सगळ्यांना सांगत: आमचं मांजर शाकाहारी आहे.

*

प्राण्यांच्या डॉक्टर रेहाना मुजावर यांनी पट्ट्याचा आलेख पडद्यावर मोठा केला. सगळे दबे सकाळी सहा वीस ते सहा चाळीस या वेळेतले होते. त्या वेळी घरात काय होतं, असं त्यांनी विचारलं.

आप्पांनी सांगितलं की सव्वासहाला ते पाखरांसाठी ज्वारीची कणी आणि पाणी ठेवतात. चाळीस वर्षांचा नेम. पाखरांना ऊन लागू नये म्हणून परात जास्वंदीच्या कुंड्यांमध्ये, सावलीत.

"आणि बुंदीचं रात्रीचं जेवण?"

"सूर्यास्ताआधी. घरात सगळ्यांचंच तसं असतं की."

"मांजराचंही?"

"दूध-चपाती, नाहीतर तूप-भात. काही कमी करत नाही बघा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या हसल्या नाहीत, याबद्दल पद्मजाला पुढे कितीतरी दिवस कृतज्ञता वाटत राहिली.

"आप्पा, मांजर भुकेपोटीच मारतं असं नाही. पोट भरलेलंही मारतं. मेंदूत भुकेची तार वेगळी आणि शिकारीची वेगळी. पण तुम्ही दोन्ही एकदम ओढल्यात. तिला बारा तास उपाशी ठेवलंत, जेवणात मांस नाही, ज्याच्याशिवाय तिचं शरीर चालत नाही. आणि उजाडताच आडोशाला पाखरं वाढलीत."

आप्पांचा हात काठीवर घट्ट झाला. चाळीस वर्षं. त्या परातीवर आधी कोणाकोणाची मांजरं येऊन गेली असतील, हे ते मोजत असावेत.

उपाय साधे होते. ऊन वर येईपर्यंत आणि संध्याकाळी तिन्हीसांजेला मांजर घरात. परात कुंड्यांपासून दूर, उंच खांबावर. दिवसातून दोनदा दहा मिनिटं दोरीशी खेळ, आणि शेवटी दोरी तिच्या पंज्यात सापडू द्यायची, नाहीतर खेळ अर्धा राहतो. आणि मांसाचं खाणं.

"एक जीव वाचवायला दुसरा मारून आणायचा?" आप्पा म्हणाले.

"याचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी शमनकणाविषयी सांगितलं, कारण सांगणं त्यांना भाग होतं. तांदळाएवढा कण, कानामागे बसवायचा. शिकारीची तार जागी होऊ लागली की तो तिला तिथल्या तिथे निजवतो. दुखत नाही. एकदा बसवला की काढता येत नाही.

"म्हणजे मारायचं तिच्या मनातच येणार नाही?"

"नाही."

"हाताने घडते ती द्रव्यहिंसा. ती सोडायला मला फार जड गेलं नाही," आप्पा म्हणाले. "मनातली, भावहिंसा, या वयातही सुटलेली नाही. मनात येतंच काहीतरी. आणि हिची एका कणात सुटणार." त्यांनी तिथेच पेन मागून घेतलं आणि 'आहे'पुढे सही केली.

निघताना डॉक्टरांनी पद्मजाला थांबवून हळूच सांगितलं की दुपारी तुमची शाळा शिकवून झाली की मांजराला इकडे आणत जा, मी खाऊ घालते, तुमच्या घरातलं भांडं लागायला नको. पद्मजा रोज बुंदीला पिंजऱ्यात घालून स्कूटरवरून नेऊ लागली. आप्पांनी कुठे जातेस हे एकदाही विचारलं नाही. परत आल्यावर मात्र पिंजरा स्वतः धुवायचे.

*

समोरच्या देसाईवहिनींच्या गब्बूला कण बसवून दोन महिने झाले होते. पद्मजा मुद्दाम बघायला गेली.

"फार शांत झालाय हो," वहिनी म्हणाल्या. "आधी पडद्यांच्या चिंध्या करायचा मेला."

गब्बू भिंतीकडे तोंड करून बसला होता. पद्मजाने ओढणीचं टोक त्याच्यासमोरून सरकवलं. त्याने ते पाहिलं. मग पाहणं सोडलं. कानावर माशी बसली तरी कान हलला नाही. वहिनींनी चहा पुढे केला आणि वजन तेवढं वाढलंय म्हणाल्या. त्याही त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या, हे घरी आल्यावर पद्मजाच्या लक्षात आलं.

*

शांत.
शांत.
शांत.

अकरा दिवस. फोन गप्प असला की तिला जास्त भीती वाटे. पट्ट्याची बॅटरी गेली असेल का? वर्गात नकाशा शिकवताना हात खिशाकडे जाई. त्यात जास्वंदीच्या दोन पानांना टाके घालून शिंपी पक्ष्याने घरटं शिवलं होतं आणि त्यातून तीन चोची बाहेर यायला लागल्या होत्या. तिने कुंडीला जाळी बांधली. रात्री उठून जाळीची गाठ तपासली. सकाळी पुन्हा तपासली.

जाळीने मांजराला आत जाऊ दिलं नसतं. पिल्लू बाहेर पडलं तर काय, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पंधरावा दिवस, दुपारचे चार. अर्ज पाचच्या आत द्यायचा होता. तो तिच्यासमोर होता, आप्पांच्या सहीखालची जागा कोरी.

दबा. १ सेकंद.

३ सेकंद.

जिन्यात तिची चप्पल निसटली. गुडघा पायरीवर आपटला.

५.

६.

ती दारात पोचली तेव्हा पिल्लू गच्चीच्या मधोमध होतं, शेपूट नसलेलं, अंगठ्याएवढं. बुंदी त्याच्यापासून चार हात अंतरावर, पोट फरशीला लागलेलं. आणि दोघांच्या पलीकडे आप्पा, काठीशिवाय, वाकलेले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला होता. त्याचं टोक ते फरशीवरून तिरकं ओढत होते. थांबवत होते. पुन्हा ओढत होते, जखमी जिवासारखं, लंगडत.

बुंदीची मान वळली.

७.

झेप पंच्यावर पडली. दात, नखं, मागच्या पायांच्या लाथा. आप्पा सोडेनात. त्यांनी हिसका दिला, बुंदी पुन्हा उसळली, ते पुन्हा मागे सरले. पद्मजाने पिल्लू ओंजळीत घेतलं, जाळी उचलून फांदीवर ठेवलं, आणि मागे वळली तेव्हा तिला दिसलं की आप्पा हसत आहेत. भरतेश गेल्यापासून तिने त्यांना असं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी पंचा सोडला. हसू गेलं.

"तुला सांगू का," ते खाली बसत म्हणाले, "ती झेप घेणार हे मला आधी कळलं. पट्ट्याच्याही आधी. आणि घ्यावी असं वाटत होतं मला. कसं तडफडवायचं ते मला कोणी शिकवलं, पद्मजा?"

तिने जाळीची गाठ पुन्हा आवळली.

*

चार चाळीस. बुंदी फाटक्या पंच्यावर झोपली होती. पद्मजाने पेनचं टोपण काढलं. एका बाजूला भिंतीकडे तोंड केलेला गब्बू. दुसऱ्या बाजूला एक पाखरू, कुठलंही, कधीही, सात सेकंदांपैकी एखादा हुकला की. ती तिसरी शिकार, मग केंद्र, आणि रिकामं हेल्मेट.

अर्ज आप्पांनी आपल्याकडे ओढला. स्वतःच्या सहीकडे बघत राहिले. ती खोडली तर अर्ज रद्द होतो का, असं त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

फोन थरथरला.

दोघांनीही दचकून पाहिलं. बुंदी तिथेच होती, डोळे मिटलेले. फक्त पंजे हलत होते, आणि मिशा.

दबा. २ सेकंद.

"स्वप्नात आहे," पद्मजा म्हणाली.

४ सेकंद.

टाळी वाजवायला तिचे हात आपोआप वर आले होते. आप्पांनी ते धरले.

"कण बसवल्यावर," त्यांनी अगदी हळू विचारलं, "हेही बंद होतं का?"

६ सेकंद.