शेट्यांच्या घरचा तापराखा

छतावरचं ते पांढरं खोकं एकवीस दिवस गप्प राहिलं तर आपल्याला काय काय मिळणार, याचा हिशेब हर्षदा शेट्यांनी बोटांवर करून ठेवला होता. पहिलं, जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. दुसरं, तव्यावरून उचलून ज्योतीवर टाकताच फुगणारी भाकरी. आणि तिसरं, मिरजेतलं स्वतःचं स्वयंपाकघर, जिथे कुणी येऊन 'काकू, तुम्ही बसा, आम्ही करतो' असं म्हणणार नव्हतं. खोकं ओरडलं, तर ही तिन्ही सुखं जाणार होती. बदल्यात मिळणार होता सोसायटीच्या सामाईक स्वयंपाकघरातला डबा. दुपारी बाराला, मीठ बेताचं, तिखट त्याहून बेताचं.

साल होतं २०७३. सत्तरी ओलांडलेल्यांना घरात गॅसची ज्योत पेटवायची तर परवाना लागे, आणि लोक त्याला 'ज्योत-परवाना' म्हणत. तो देणारा साहेब माणूस नव्हता. ते छतावरचं खोकंच साहेब. नाव त्याचं तापराखा.

ते बसवायला आल्या डॉ. ओवी जाधव. तापराखा ज्या प्रयोगशाळेत जन्मला, तिथल्या त्या शास्त्रज्ञ. शिवाय शेट्यांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत, त्यामुळे काका-काकूंच्या लेखी नुसती 'ओवी'.

"पण धूर ओळखणारं यंत्र असतंच की," स्वप्नील काका शिडी धरून म्हणाले. पंचेचाळीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे कुठलीही गोष्ट तपासून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "हे वेगळं कशाला?"

"काका, धुराचं यंत्र स्वयंपाकघरात लावलं तर काकूंच्या प्रत्येक फोडणीला बोंब मारेल. आठ दिवसांत तुम्ही त्याच्या तोंडावर दुधाची पिशवी बांधाल, आणि खऱ्या आगीला ते मुकं राहील. म्हणून ते झोपायच्या खोलीबाहेर हवं. इथे ताप मोजणारा. छताच्या मध्यावर, शेगडीच्या नेमका वर नाही, पंख्याच्या वाऱ्यात नाही. त्यावर रंग मारायचा नाही. दर रविवारी हे बटण दाबून बघायचं."

"आणि खरंच पेटलं तर?"

"कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच ओतायचं नाही, भडका उडतो. जवळ जाता येत असेल तरच गॅस बंद करायचा आणि वर झाकण. जाता येत नसेल तर सगळं सोडून दोघांनी बाहेर."

मग ओवीने यंत्राची दोन अंगं समजावली. एक अंग मुळातच हट्टी. छताजवळची हवा अठ्ठावन्न अंशांना पोचली की ते ओरडणारच. त्याला कुणी काही शिकवू शकत नाही. दुसरं अंग मात्र शिकाऊ. त्याला एक डोळा होता, आणि तो प्रकाशाऐवजी उष्णता पाहत असे. शेगडी कधी पेटते, माणूस कधी तिच्यापासून दूर जातं, कधी परत येतं, हे तो पहिले सात दिवस पाहून घेई. याला ओवी 'घरची सवय' म्हणे. पुढचे चौदा दिवस परीक्षा. सवय मोडली की यंत्र ओरडणार, आग लागायच्या आधीच.

"मी चहा ठेवून पेपर आणायला गेलो तर?" काका म्हणाले.

"तुम्हीच परत आलात तर ती सवय. पण तुम्ही विसरलात आणि काकूंनी येऊन गॅस बंद केला, तर ती चूक. एकाच्या विसरण्यावर दुसऱ्याने पांघरूण घातलं, हे त्याला कळतं. शेवटी परवाना प्रत्येकाच्या डोक्याचा असतो."

हे ऐकून काका शिडीचे पाय नीट करू लागले आणि काकू पुसलेला ओटा पुन्हा पुसू लागल्या. ओवीला वाटलं, तांत्रिक गोष्ट आहे, रिचायला वेळ लागतोय.

गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ काही बदललं होतं, पण घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लावायचं, हे बदललं नव्हतं. काकूंनी कोयरी आणली आणि खोकं वर चढायच्या आत त्याच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे डोळ्यावरच, भरघोस बोट टेकवलं. ओवीच्या हातात फडकं होतं. ते तिने उचललंही. पण सवाष्णीने लावलेलं कुंकू तिच्या डोळ्यांदेखत पुसायचं? कुंकू पुसलं म्हणून आईने लहानपणी हातावर मारलेली चापटी तिला तीस वर्षांनी लागली. उष्णता कुंकवातूनही जाते, असं तिने स्वतःला समजावलं आणि खोकं तसंच बसवलं. तिचं भौतिकशास्त्र बरोबरच होतं. उष्णता जाते. फक्त तिच्या कडा पुसट होतात.

खाली उतरताना काकांनी तिला जिन्यात गाठलं. "हे बघ, हर्षदा हल्ली विसरते. दुपारी दूध ठेवते आणि झोपते. तिला बोलू नकोस हं. मी असतो लक्ष ठेवून."

दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीपाशी काकूंनी तिचा हात धरला. "स्वप्नीलचं हल्ली खरं नाही गं. सकाळचा चहा ठेवतो आणि शब्दकोडं घेऊन बसतो. त्याला कळू देऊ नकोस. मी आहे म्हणून निभतंय."

ओवी हसली. लग्न झालेली माणसं एकमेकांविषयी असंच बोलतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

एकवीस दिवस खोकं गप्प राहिलं. परवाना आला. त्या दिवशी ओवीच्या घरी भरीत-भाकरी पोचली, वर लोण्याचा गोळा.

दोन महिन्यांनी काकू भाचीच्या डोहाळजेवणाला कोल्हापूरला गेल्या. मागे एकट्या राहिलेल्या काकांनी दुपारी चारला कुरडया तळायला कढईत तेल ठेवलं आणि तापेपर्यंत म्हणून शब्दकोडं घेऊन गॅलरीत बसले. सात अक्षरी नदी अडली होती. आत तेल तापत गेलं. तापराख्याने पाहिलं: माणूस गेलं. त्याने वाट पाहिली, कारण या घरात गेलेलं माणूस दहा मिनिटांत परत येतंच. सातवं मिनिट गेलं, आठवं गेलं. कोल्हापुरात काकू भाचीची ओटी भरत होत्या. इथे खोकं त्यांची वाट पाहत होतं.

तेल पेटलं. छत अठ्ठावन्न अंशांवर गेलं, तेव्हा ते हट्टी अंग किंचाळलं. काका धावत आले, पाण्याचा तांब्या उचलला, आणि थबकले. तांब्या ठेवला. गॅस बंद केला आणि कढईवर परात उपडी घातली. आग विझली. मनगटाची कातडी मात्र पोळली.

दुसऱ्या दिवशी ओवी शिडीवर चढली. डोळ्यावर कुंकवाचा थर तेलाच्या वाफेने घट्ट बसला होता. तिने नोंदी उघडल्या आणि पहिल्या दिवसापासून वाचून काढल्या. खाली काकू मलमाची डबी घेऊन आणि काका पट्टी बांधलेला हात घेऊन उभे होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "कुंकवामुळे त्याला तुम्ही दोघं वेगवेगळे दिसलाच नाहीत. त्याच्या लेखी या घरात एकच माणूस राहतं. ते विसरतं, पण दहा मिनिटांत हमखास परत येतं."

"बघ!" काकू काकांकडे वळल्या. "मी तुझ्यामागे धावत होते, ते यंत्रानेसुद्धा लिहून ठेवलं."

"तू माझ्यामागे? अगं, मी तुझ्यामागे!"

"थांबा," ओवी म्हणाली. "सकाळी साडेपाचचा चहा कोण ठेवतं?"

"मी," काका म्हणाले.

"त्या एकवीस दिवसांत अकरा वेळा विसरलात."

काकूंच्या चेहऱ्यावर विजय दिसला.

"आणि दुपारी दोनचं दूध कोण ठेवतं?"

विजय जागच्या जागी विझला. "किती?" काकूंनी हळूच विचारलं.

"नऊ."

काका पट्टीचं टोक चाळवत राहिले.

"सांगितलं का नाहीस रे?" काकू म्हणाल्या.

"तुला वाईट वाटलं असतं. आणि तू?"

"मलाही तेच वाटलं."

नियमाप्रमाणे आता दोघांचाही परवाना जायला हवा होता. ओवीने पिशवीतून वेगळा कागद काढला. गेल्याच वर्षी निघालेला 'जोड-परवाना'. डोळा स्वच्छ करायचा, म्हणजे त्याला दोन माणसं दोन दिसतील. घरात दोघं असतील तेव्हाच गॅस चालू राहील. कुणी एक बाहेर गेलं की नळी आपोआप बंद. एक विसरलं, दुसऱ्याने सावरलं, तर ती चूक धरली जाणार नाही.

"म्हणजे हर्षदा कोल्हापूरला गेली की मला डबा," काका म्हणाले. "चालेल." मग त्यांच्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. "आणि एक कायमचं गेलं की?"

ओवीने कागदावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "त्याच दिवशी बंद, काका. कोल्हापूरला जाणं आणि ते जाणं, यातला फरक यंत्राला कळत नाही."

"मग मागे मी राहतो," काका लगेच म्हणाले. "मला काय, डबा तर डबा."

"तू? दोन दिवस डबा खाल्लास तर पित्ताने लोळतोस! काल पोळलेला हात तरी नीट धर आधी."

ओवी फडकं घेऊन पुन्हा शिडी चढली, आणि लाल डोळ्यापाशी तिचा हात पुन्हा अडला. खाली उभ्या असलेल्या या बाईने सेहेचाळीस वटपौर्णिमा एकच मागणं मागितलं होतं, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं: जाईन तर कपाळावरच्या कुंकवासकट, याच्या आधी.

काकूंनी वर पाहिलं. तिचा हात का अडलाय, हे त्यांना कळलं असावं.

"पूस गं," त्या म्हणाल्या. "मागे मी राहीन. याला डबा पचत नाही."

ओवीने पुसलं. यंत्राने दोन वेळा टिकटिक केलं. त्याला आता दोन माणसं दिसत होती.

हिशेब असा झाला. वांगं वाचलं, भाकरी वाचली, स्वयंपाकघर वाचलं. काकांनी मनगटाची दोन बोटं कातडी दिली. ती पंधरा दिवसांत भरूनही आली. ओवीने मोबदल्यात दर रविवारी येऊन बटण दाबायचं कबूल केलं, आणि दर रविवारी तिला गरम भाकरी मिळत राहिली, म्हणजे ती फायद्यातच. उरल्या काकू. सेहेचाळीस वर्षांचं मागणं त्यांनी एका वाक्यात परत घेतलं होतं, आणि घेऊन झाल्यावर लगेच म्हणाल्या, "चला, दूध ठेवते."

"ठेव," काका म्हणाले, आणि शब्दकोडं घेऊन शेगडीशेजारच्या स्टुलावर जाऊन बसले.