ओवाळणीत मागितलेली सुट्टी

"माझ्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही, नलूताई... वाटोळं!"

सुलक्षणेचा आवाज असा काही चढला की शेजारच्या रत्नप्रभाकाकूंनी तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं आणि सरळ गॅलरीत येऊन उभ्या राहिल्या. चपलासुद्धा न काढता सुलक्षणा नणंदेच्या दारात उभी होती, तिच्या मागे मान खाली घालून तिचा नवरा मधुकर, आणि त्याच्याही मागे, जिन्याच्या कठड्याला धरून, दहा वर्षांची उत्तरा. चौथीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला होता आणि यादीत उत्तराचं नाव नव्हतं!

"तुम्ही शाळेत शिकवता, म्हणून भरवशाने दिवाळीच्या सुट्टीत पोर तुमच्याकडे पाठवली. बोरिवलीहून इथे मुलुंडला! आणि तुम्ही काय केलंत? प्रश्नसंचाची पानं कोरी! मिठागरांवर फिरवलीत, सागरगोटे खेळवलेत. लोकांची पोरं सुट्टीत पुढे गेली हो, आणि माझी होती तिथून मागे आली! का? सांगा ना, का केलंत असं?"

नलिनीने उत्तर द्यायला ओठ उघडले. सांगण्यासारखं एवढं होतं की तिथल्या तिथे सुलक्षणेचा आवाज बसला असता. पण तिची नजर कठड्याशी उभ्या असलेल्या उत्तराकडे गेली, आणि त्या भेदरलेल्या डोळ्यांतली विनवणी तिच्या काळजाला जाऊन भिडली... सांगू नकोस आत्या, सांगू नकोस!

"माझंच चुकलं," नलिनी शांतपणे म्हणाली. "सुट्टी होती, मलाही कंटाळा आला. नाही घेतला अभ्यास."

कंटाळा! वडील गिरणी सोडून दम्याने घरी बसले तेव्हा जिने स्वतःच्या लग्नाचा विचार बाजूला सारून नोकरी धरली, धाकट्या भावाला पदवीपर्यंत शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं आणि मग आरशात पाहिलं तर केसांत चांदी आलेली, त्या बाईला म्हणे कंटाळा! मधुकरला हे पटलं नसणारच. पण बायकोचा आवाज चढला की गृहस्थाला नेमकं जमिनीवरच्या फरशीचं निरीक्षण करायचं सुचत असे, ते त्याने याही वेळी केलं.

"यापुढे माझ्या मुली तुमच्या घरी सुट्टीला येणार नाहीत," सुलक्षणा म्हणाली आणि उत्तराचा दंड धरून जिना उतरून गेली. उत्तराने वळून पाहिलं. ती वळून पाहणारी पोर नलिनीच्या डोळ्यांपुढून पुढे कितीतरी वर्षं हलली नाही.

खरं काय घडलं होतं, ते आत्या-भाची दोघींनाच ठाऊक होतं.

सुलक्षणा मुळात वाईट बाई नव्हती. सातवीत वर्गात पहिली आलेली ही मुलगी घरात भावंडं सांभाळायला कुणी नाही म्हणून शाळेतून काढली गेली होती, आणि ती बोच तिच्या मनात सलत राहिली होती. आपल्याला मिळालं नाही ते लेकीला मिळालंच पाहिजे, या एका ध्यासाने ती पेटली होती. पहाटे चारला घड्याळाचा गजर, डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, आणि समोर गणिताचं पुस्तक... शाळा असो वा सुट्टी, यात खंड नाही. "सुट्टी म्हणजे दुसरे झोपलेले असताना आपण पुढे जायचं," हे तिचं ब्रह्मवाक्य होतं.

त्या दिवाळीत उत्तरा मुलुंडला आली. नलिनीच्या घरी चारचा गजर नव्हता. पोर मेल्यासारखी झोपली ती उन्हं अंगावर येईपर्यंत, आणि जागी झाली तेव्हा गादी ओली होती. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच! दहा वर्षांची मुलगी भिंतीच्या कोपऱ्यात तोंड लपवून अशी काही थरथरत होती की नलिनी तिथेच तिच्याजवळ खाली बसली.

"आत्या, मला स्वप्नात पेपर दिसतो गं. मला काहीच येत नसतं... आईला नको ना सांगूस. एवढी मोठी घोडी म्हणेल! तिला किती वाईट वाटेल! नाही ना सांगणार? माझी शप्पथ घे."

"तुझ्या गळ्याशप्पथ, नाही सांगणार," नलिनीने तिला पोटाशी धरलं.

मग तिने प्रश्नसंच ट्रंकेत टाकला आणि वर कुलूप लावलं. पोळ्या करताना तिने उत्तराला जवळ बसवलं आणि कणकेच्या गोळ्यावर ओलं फडकं टाकलं. "बघ हं, मळल्या मळल्या लाटायला घेतली ना, तर पोळी फाटते. कणकेला जरा निजू द्यावं लागतं. तुझं डोकंही तसंच आहे बाळा, फार मळलंय सगळ्यांनी."

रोज सकाळी नलिनी ती गादी गॅलरीच्या कठड्यावर उन्हात टाकी. रत्नप्रभाकाकू मालवणच्या, त्यांच्या नजरेतून काय सुटणार? "काय गो नलू, रोज गादी सुकत घालतंस ती? ढेकूण झाले काय?"

"हो ना काकू, फार झालेत!" नलिनी हसून म्हणे. ढेकणांच्या बदनामीने तिचं घर आठवडाभर गाजलं, पण पोरीचं गुपित झाकलं गेलं.

उत्तरा झोप भरून झोपली. संध्याकाळी दोघी मिठागरांकडे जात, पांढऱ्या मिठाच्या ढिगांमागे सूर्य बुडेपर्यंत बांधावर बसत. सागरगोटे झेलता झेलता पाढे होत, भाजीवालीशी हिशेब करता करता बेरजा होत, दुपारी उत्तरा मोठ्याने गोष्टी वाची आणि वाचता वाचता झोपून जाई. सुट्टी संपायच्या सुमारास एका सकाळी ती उठली, गादीवरून हात फिरवला आणि ओरडली, "आत्या, कोरडी!" त्या एका शब्दावर नलिनीने जगातल्या सगळ्या स्कॉलरशिपा ओवाळून टाकल्या असत्या.

आणि आता त्याचंच हे फळ! तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पुढची वर्षं कशी गेली ते नलिनीलाच ठाऊक. शाळेत मुलांना सुट्टी लागली की बाकीच्या बाई हुश्श करत आणि हिच्या छातीत धस्स होई, कारण सुट्टी म्हणजे रिकामं घर. तरी मे महिना लागला की ती सागरगोट्यांचा डबा पुसून ठेवी, जास्तीची गादी काढून उन्हात टाकी. कुणासाठी? कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

मधुकर येई तो भाऊबीजेला, एकटाच. पाटावर बसे, ओवाळून घेई, करंजीचा तुकडा मोडून जायच्या घाईला लागे. निरांजन खाली ठेवता ठेवता नलिनी विचारी, "उत्तरा केवढी झाली रे?"

तो बसल्या बसल्या हात वर धरी. "एवढी."

"आणि धाकटी अनू?"

हात खाली येई. "एवढी."

दर वर्षी हात थोडा वर सरके आणि त्या हवेत तरंगणाऱ्या तळव्याखाली नलिनी मनातल्या मनात एक मुलगी उभी करी... वेण्या कितपत लांब झाल्या असतील? हसताना अजून नाक मुरडते का? तो गेला, की तो हात होता तिथे ती बराच वेळ बघत बसे.

एका भाऊबीजेला तिचा धीर सुटला. मधुकरने तबकात साडी ठेवली तशी तिने ती उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवली. "मला साडी नको मधू. ओवाळणीत सुट्टी घाल रे! पोरींना चार दिवस पाठव. अभ्यास घेईन, सगळा घेईन... नुसत्या दिसू देत डोळ्यांना!"

मधुकरने हातातली करंजी खाली ठेवली. "ताई, तुला माहीत आहे ना सुलक्षणा... घरात उगाच..." साडी हळूच पाटावर ठेवून तो उठला. त्यानंतर नलिनीने पुन्हा कधी मागितलं नाही.

उत्तरा दहावीत गेली आणि धाकटी अनुपमा चौथीत आली, त्या वर्षीची भाऊबीज. पाट मांडलेला, रांगोळी घातलेली. नलिनी निरांजनात वात घालत होती, तोच जिन्यावर पावलं वाजली, आणि ती मधुकरच्या एकट्याची नव्हती!

दारात एक मुलगी उभी होती. उंच, सडपातळ, दोन वेण्या घातलेली. मधुकरने गेल्या वर्षी धरलेल्या हातापेक्षाही उंच!

"आत्या," ती म्हणाली आणि नाक मुरडून रडायलाच लागली.

नलिनीच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. "उत्तरा... माझी उत्तरा!" तिने तिला कवेत घ्यायला हात पसरले आणि तेवढ्यात मागे उभी असलेली सुलक्षणा दिसली. या खेपेला तिने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि दुसऱ्या हाताला अनुपमा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, नखं कुरतडून लाल झालेली. नलिनीला काही सांगावं लागलं नाही. हा चेहरा तिने पूर्वी पाहिला होता.

"नलूताई..." सुलक्षणेचा तो चढणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे! "अनू अंथरूण ओलं करते. रोज. काल मी... मी तिच्यावर हात उचलला. पहिल्यांदाच. तर ही उत्तरा मध्ये आली आणि म्हणाली, मार, मलाही मार, मीसुद्धा करायचे! आत्याकडे!"

"मीच सगळं सांगितलं, आत्या," उत्तरा हुंदके देत म्हणाली. "तुला घातलेली शप्पथ मीच मोडली. इतकी वर्षं मला बोलायला तोंडच नव्हतं. मला वाटायचं, सांगितलं तर आई अजूनच चिडेल, आणि नाही सांगितलं तर तू... तू किती वर्षं माझ्यासाठी ऐकून घेतलंस गं!"

"आणि मी काय काय बोलले तुम्हाला!" सुलक्षणा पाटाजवळच मटकन खाली बसली. "उचलली जीभ, लावली टाळ्याला! पण ताई, एका शब्दाने सांगितलं का नाहीत हो मला? आई होते मी तिची. राक्षसीण होते का?"

हा प्रश्न नलिनीला बाणासारखा लागला, कारण तो खरा होता. पोरीचा शब्द पाळता पाळता तिने एका आईला तिच्या लेकीच्या दुःखापासून दूर ठेवलं होतं, आणि ते तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"चुकलंच माझं, सुलक्षणा," ती म्हणाली, आणि या वेळी ते वाक्य खरं होतं. "तू रागावशील एवढंच दिसलं मला. तू रडशील हे नाही दिसलं."

मधुकर दाराशी डोळे पुसत उभा होता. "ए मधू, फरशी बघत नको बसू आता, ये पाटावर!" नलिनीने त्याला दटावलं, तसे सगळेच रडता रडता हसले.

तिने त्याला ओवाळलं. मधुकरने खिशाकडे हात नेला, पण सुलक्षणेने तो धरला. तिने अनुपमाला पुढे केलं, तिची पिशवी तबकाशेजारी ठेवली आणि पदराने डोळे टिपले.

"ओवाळणी मी घालते. तुम्ही मागितली होतीत ना? यांनी आज सांगितलं मला, एवढ्या वर्षांनी! ही सुट्टी तुमची, ताई. उत्तराने कणकेचंही सांगितलं. फार मळली हो मी... तुम्ही आता झाकून ठेवा." आणि मग, जित्याची खोड म्हणतात ती अशी, हळूच पुढे म्हणाली, "तेवढे पाढे मात्र घ्या हं!"

"घेईन गं बाई! सकाळी तासभर उजळणी, मग दिवसभर खेळ, आणि झोप मोडायची नाही. आणि एक अट आहे. तूही राहायचंस. सुट्टी तुला तरी कधी मिळाली?"

सातवीतून काढलेली ती मुलगी नणंदेच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आली तरी कुणी अनुपमाला उठवलं नाही. ती जागी झाली, गादी चाचपली आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. भीतभीत तिने आईकडे पाहिलं.

सुलक्षणा उठली. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला, वाकून गादीचं एक टोक धरलं आणि नलिनीकडे पाहिलं. नलिनीने दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून ती गॅलरीच्या कठड्यावर टाकली.

शेजारच्या दारातून म्हाताऱ्या रत्नप्रभाकाकूंनी मान बाहेर काढलीच. "काय गो नलू, परत ढेकूण झाले?"

"हो ना, काकू!" सुलक्षणा चटकन म्हणाली. "फार झालेत!"

आणि ती ओल्या बाजूला ऊन नीट लागावं म्हणून गादी सारखी करू लागली.